सर्व्हर विकत घेण्यापासून तासावर घेण्यापर्यंत

आपल्या श्रोत्यांमध्ये सॉफ्टवेअरवाले किती आहेत हे मोजायला बसलो तर कार्यक्रम तिथेच संपेल. पण क्लाउड म्हणजे नेमकं काय, हे घरातल्या आजी-आजोबांना सांगायला त्यांच्यातल्या कुणाला सवड नसते. म्हणून आज त्याचा इतिहास.

आधी एक गोष्ट. क्लाउड ढगात नाही. उत्तर व्हर्जिनियातल्या आपल्या श्रोत्यांनी तो पाहिलेला आहे. अ‍ॅशबर्नच्या बाजूला बिनखिडक्यांच्या लांबलचक इमारती दिसतात ना, त्यांत तो राहतो.

कल्पना तशी जुनी. १९६१ साली एमआयटीच्या शताब्दीनिमित्त बोलताना जॉन मॅकार्थी यांनी सांगितलं होतं, की टेलिफोनसारखा संगणकही एक दिवस सार्वजनिक सेवा होऊ शकेल. तेव्हा संगणक इतका महाग होता, की एकाच यंत्राचा वेळ अनेकांनी वाटून घ्यायचा. पुढे यंत्रं स्वस्त झाली, ज्याने त्याने आपापली घेतली आणि ती कल्पना मागे पडली.

२००० च्या आसपास जे इथे नोकरीला आले त्यांना आठवत असेल. नव्या कामाला सर्व्हर हवा, तर अर्ज करा, साहेबांची सही घ्या, खरेदी विभागाच्या मागे लागा. मग यंत्र येणार, बसवलं जाणार. यात आठवडे जात. शिवाय किती यंत्रं लागतील हे आधीच ठरवायचं, म्हणजे लग्नाच्या पंगतीला पानं किती मांडायची तसं. कमी पडली तर गर्दीच्या दिवशी वेबसाइट बंद, जास्त झाली तर वर्षभर नुसती वीज खाणार. फसलं तर पैसे बुडाले, म्हणून नवं काही करून बघायला माणसं कचरत.

मार्च २००६ मध्ये अ‍ॅमेझॉनने माहिती साठवायची जागा भाड्याने द्यायला सुरुवात केली, गिगाबाइटला महिना १५ सेंट. ऑगस्टमध्ये यंत्रंही आली, तासाला १० सेंट. पुस्तकं विकणाऱ्या कंपनीचा हा उद्योग अनेकांना विचित्रच वाटला.

पण पुढच्याच वर्षी न्यूयॉर्क टाइम्सने काय केलं ऐका. जुन्या अंकांच्या स्कॅन केलेल्या सुमारे ४ टेराबाइट प्रतिमांमधून त्यांना १ कोटी १० लाख लेखांच्या पीडीएफ करायच्या होत्या. त्यांनी १०० यंत्रं भाड्याने घेतली आणि २४ तासांच्या आत काम उरकलं. तासाला १० सेंटने हिशोब करा, यंत्रांचं भाडं २४० डॉलरच्या आतच बसतं. एवढ्यासाठी १०० यंत्रं विकत कोण घेऊन देणार होतं?

२००८ मध्ये गुगलने अ‍ॅप इंजिन आणलं, २०१४ मध्ये अ‍ॅमेझॉनने लॅम्डा. आता यंत्राकडे बघायचंही कारण उरलं नाही, नुसता कोड द्या. मात्र त्याबरोबर जबाबदारीही सरकली. पूर्वी रात्री सर्व्हर पडला की दुसऱ्या विभागाला फोन जाई. आता अनेक ठिकाणी ज्याने कोड लिहिला त्याच्याच उशाशी फोन वाजतो. आपल्या कितीतरी घरांना हे सांगायला नको.

लिहिण्याची पद्धतही बदलली. भाड्याचं यंत्र केव्हाही बंद पडेल, हे धरूनच कोड लिहावा लागतो. नेटफ्लिक्सचा डेटाबेस २००८ मध्ये बिघडला आणि तीन दिवस डीव्हीडी पाठवता आल्या नाहीत. त्यानंतर त्यांनी आपलं अवाढव्य अ‍ॅप्लिकेशन शेकडो छोट्या सेवांमध्ये फोडून क्लाउडवर नेलं. हे काम जानेवारी २०१६ पर्यंत चाललं. चालू यंत्रं मुद्दाम बंद पाडणारा एक प्रोग्रामही त्यांनी लिहिला, नाव ठेवलं केऑस मंकी. माकडाच्या हाती कोलीत, तेही जाणूनबुजून!

आणि तरीही २८ फेब्रुवारी २०१७ उजाडलाच. व्हर्जिनियात अ‍ॅमेझॉनच्या एका कर्मचाऱ्याने कमांड देताना एक गोष्ट चुकीची टाइप केली आणि ठरल्यापेक्षा जास्त सर्व्हर बंद झाले. काही तास असंख्य वेबसाइट अडल्या. सेवा चालू आहे की बंद हे दाखवणारं अ‍ॅमेझॉनचं पानसुद्धा त्याच सेवेवर अवलंबून होतं, त्यामुळे तेही अडकलं. अशा वेळी कोड लिहिणाऱ्याच्या हातात वाट बघण्यापलीकडे फारसं काही नसतं.

हे भाडं सगळ्यांनाच परवडतं असंही नाही. बेसकॅम्प बनवणाऱ्या ३७सिग्नल्सने २०२२ मध्ये क्लाउड सोडत असल्याचं जाहीर केलं. त्यांच्या पंगतीला रोज साधारण तेवढीच पानं. मग तासावर कशाला घ्यायचं? त्यांनी पुन्हा स्वतःचे सर्व्हर विकत घेतले.