बीडमध्ये समुद्र आणायचा तर...

नकाशावर बीडपासून सरळ पश्चिमेला बोट सरकवा. जवळजवळ त्याच अक्षांशावर, तीनशेएक किलोमीटरवर मुंबई लागते आणि पुढे समुद्र. खाऱ्या पाण्याच्या टँकला फिल्टर कुठला घ्यायचा, हा प्रश्न बीडमध्ये अवघड होतो तो या अंतरामुळे. दुकानदार टँकचे लिटर विचारून मॉडेल हातात देतो. पण या यंत्रांची वंशावळ पाहिली की कळतं, समुद्र हाताशी नसेल तर काय करायचं याची ही वेगवेगळ्या लोकांनी शोधलेली उत्तरं आहेत.

तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये मरीन ड्राइव्हवर उभं राहिलं. तिथे पाणी बदलायचं तर समुद्र समोरच! लंडनवाल्यांची मात्र पंचाईत होती. १८५३ मध्ये तिथल्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यालय सुरू झालं, मग घरोघरी काचेच्या टाक्या ठेवायचं खूळ आलं आणि पाणी नासायला लागलं. विल्यम लॉइड नावाचा गृहस्थ लंडनमध्ये या सामानाचं दुकान चालवायचा. त्याने शेवटी हट्टच धरला की पाणी बदलायचंच नाही, फिरवत ठेवायचं. १८७१ च्या क्रिस्टल पॅलेस मत्स्यालयात त्याने दिसणाऱ्या टाक्यांच्या कित्येक पट पाणी खाली अंधाऱ्या हौदात ठेवलं आणि पंपाने सतत वर-खाली खेळवलं. (जमिनीखाली पाणी राखायची कल्पना बीडकरांना नवी नाही म्हणा, आपली खजिना विहीर सोळाव्या शतकातली!) आज टँकखालच्या कपाटात जो ‘संप’ असतो, तो याच हौदाचा नातू.

अंधारात शेवाळ वाढत नाही, एवढं लॉइडला कळलं होतं. खरं काम करणारे कामगार पुढे, १८९० च्या सुमारास, विनोग्रादस्कीला सापडले. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया होतो, आणि काही जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. म्हणजे फिल्टर हे यंत्र कमी आणि या मंडळींची चाळ जास्त.

१९६१ मध्ये जकार्ताच्या ली चिन एंग यांनी वेगळंच लिहिलं: समुद्रातला जिवंत दगड टाका, हवेचे बुडबुडे सोडा, बास. दगडाच्या आतल्या छिद्रांत, जिथे ऑक्सिजन पोचत नाही, तिथले जिवाणू नायट्रेटचाही निकाल लावून त्याचा वायू करतात. पण जकार्ताला प्रवाळ जवळ होते. जर्मनांना नव्हते. त्यांनी दगडाला जोड दिली प्रोटीन स्किमरची. गुऱ्हाळात रस उकळताना वर आलेली मळी काढतात ना, तसंच, फक्त आच नाही. बारीक बुडबुड्यांना घाण चिकटते आणि ती सडून अमोनिया व्हायच्या आत फेसाबरोबर बाहेर पडते. हीच पुढे ‘बर्लिन पद्धत’ झाली. १९८६ मध्ये जॉर्ज स्मिटच्या लेखांनी अमेरिकेत प्लास्टिकच्या गोळ्यांवरून पाणी ठिबकवणारा फिल्टर गाजवला. तो अमोनिया झकास संपवतो, पण नायट्रेट साठत जातं. प्रवाळ ठेवायचे असतील तर माझं मत, तो घेऊ नका.

बीडने बर्लिनचा रस्ता धरावा. मात्र दोन अडचणी इथल्या आहेत.

पहिली कायद्याची. भारतातले दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे थेट वाघाच्या पंगतीत. ‘ओख्याचा जिवंत दगड आणून देतो’ असं कुणी म्हणालं तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. कोरडा, मृत दगड किंवा सच्छिद्र सिरॅमिक घ्या आणि जिवाणू वसेपर्यंत महिना-दोन महिने टँक बिनमाशांचा ठेवा.

दुसरी अडचण पाण्याची, आणि मला तीच खरी वाटते. लिटरला सुमारे ३५ ग्रॅम मीठ, म्हणजे २०० लिटरला सात किलो. मीठ कुरिअरने येईल, पण बोअरचं जड पाणी चालणार नाही. म्हणून पहिला खर्च स्किमरवर नाही, आरओ आणि त्यापुढच्या डीआय रेझिनवर. साधा आरओ एक लिटर चांगल्या पाण्यामागे तीन-चार लिटर सोडतो. २०० लिटरचा टँक एकदा भरायचा तर सहाशे-आठशे लिटर मोरीत! ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात गावोगाव टँकरची वाट बघतात, तिथे हा आकडा शोभत नाही. ते पाणी पिंपात धरून धुण्या-भांड्याला वापरायची सोय आधी करा, टँक पावसाळ्यात भरा. उन्हाळ्यात रोज उडणारं पाणी गोड पाण्यानेच भरायचं, कारण मीठ मागेच राहतं. पाणी बदलणं जितकं कमी तितकं बरं, आणि त्यासाठीच स्किमर थोडा मोठा घ्या.

वीज गेली तर बॅटरीवरचा एअर पंप हवाच. पाणी थांबलं की जिवाणूही गुदमरतात. चाळीस डिग्रीच्या मे महिन्यात चिलर लागतो का, ते गणित मोठं आहे. पुढच्या शनिवारी बघू.