बहात्तर साली दोन गोष्टी झाल्या

१९७२ साल चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवतीच्या पहाडावर कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मराठवाड्यात पावसानं पाठ फिरवली आणि नांदेड, परभणी, आजचा लातूर या भागांतली कुटुंबं माणिकगडचा पहाड चढून वर आली. काही घरं त्याआधीच येऊन राहिली होती, पण रीघ लागली ती दुष्काळानं. बंजारा, मातंग, महार, हटकर, मराठा, सगळ्या जातींची माणसं होती. गोंड-कोलामांच्या गुड्यांशेजारी त्यांनी झाडोरा काढला, ज्वारी-कापूस पेरला आणि कुडाच्या भिंती उभ्या केल्या. छपरावर आधी गवत होतं, मग कवेलू आले, मग टिना.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात संपत्तिकर कायद्यात कलम ३४एबी लागू झालं आणि ‘नोंदणीकृत मूल्यांकनकार’ हा माणूस कायद्याच्या पुस्तकात आला. घराची, जमिनीची किंमत सरकारपुढं चालेल अशी सांगायची असेल, तर ती या माणसानं सांगायची. मी राजुऱ्याचा स्थापत्य अभियंता, आणि ही नोंदणी माझ्याजवळ आहे. बँकेचा फोन आला की टेप आणि कॅमेरा घेऊन गडचांदूरवरून पहाड चढतो. बहात्तरच्या त्या घरांची आणि बहात्तरच्या त्या परवान्याची अजून नीट गाठ पडलेली नाही. माझ्या धंद्यातली ही सगळ्यात मोठी उणीव आहे असं मी मानतो.

हा मुलूख निजामाचा. राजुरा तालुका आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत तो मुंबई राज्यात आला, आधी नांदेडला जोडला गेला आणि १९५९ मध्ये चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर, जिल्ह्यात आला. जिवतीचा वेगळा तालुका झाला तो २००२ मध्ये. निजामाच्या राज्यात जमिनीची मोजणी मुंबई इलाख्याच्या धर्तीवर झाली. विंगेट आणि गोल्डस्मिड या इंग्रज अधिकाऱ्यांनी इंदापुरापासून सुरू केलेली ती पद्धत. प्रतबंदी करणारा कारकून शेतात खड्डा घेऊन माती पाहायचा. काळी किती खोल, खाली मुरूम की चुनखडी, पाणी धरते की नाही, यावरून आण्यांत प्रत लावायचा. सोळा आणे जमीन कुठली आणि सहा आणे कुठली, हे सरकारदरबारी लिहिलेलं असायचं. त्या कारकुनांना नियम होते, त्यांच्या कामाची फेरतपासणी व्हायची. म्हणजे किंमत ठरवणाऱ्यावर वचक ठेवायची कल्पना आपल्याकडं जुनी आहे. फक्त ती मातीपुरती होती. घरातून सारा निघत नव्हता, त्यामुळं घराची प्रत लावायची गरज सरकारला पडली नाही.

पहाडावर तर मातीचीही नोंद उशिरा आली. १९४० मध्ये जोडेघाटला गोंडांचे नेते कुमरम भीम मारले गेले, तेव्हा निजाम सरकारला गोंडांच्या जमिनीकडं बघावं लागलं. हायमेनडॉर्फ हे मानववंशशास्त्रज्ञ आदिलाबाद जिल्ह्यात काम करू लागले आणि पुढं आदिवासींना लावणी पट्टे, म्हणजे जमिनीच्या हक्काचे कागद, द्यायला सुरुवात झाली. ज्याला तो कागद मिळाला, त्याची नातवंडं आज सातबारा दाखवतात. ज्याला मिळाला नाही, त्याची नातवंडं आजही तहसीलच्या चकरा मारतात.

घराची किंमत गावानंच करायची. पहाडावरच्या एका वस्तीत मुखेडकडून आलेल्या घरातल्या म्हाताऱ्यानं मला सांगितलं, “साहेब, आमच्या वाटणीला हे घर दोन बैलांच्या भावानं धरलं होतं. पाच माणसं बसली, मयाली मोजल्या, सागाचं दार धरलं, कवेलू शेकड्यानं मोजले. तुम्ही किती धरता?” त्यांच्या नातवाला दुकान वाढवायला कर्ज हवं होतं. जवळ कागद दोन होते, ग्रामपंचायतीचा नमुना ८ आणि विजेचं बिल. मी घर मोजलं. वय धरलं, घसारा काढला, बांधकामाची किंमत लिहिली. जमिनीच्या रकान्यात काही लिहिता येईना. वनखात्याच्या नोंदीतली जमीन, पट्टा नाही, सातबारा नाही. बँकेतून फाइल परत आली. त्या म्हाताऱ्याचं घर उभं राहून चाळीस वर्षांवर काळ लोटला होता. पाच माणसांनी धरलेला भाव गावानं मानला होता, माझ्या शिक्क्याच्या अहवालाला मात्र काहीच वजन आलं नाही.

असं का होतं, याचं उत्तर परवान्याच्या जन्मात आहे. १९५३ मध्ये इस्टेट ड्यूटीचा कायदा आला. माणूस गेला की त्याच्या मालमत्तेवर कर. मालमत्तेचा भाव कोण ठरवणार, म्हणून सरकारनं मूल्यांकनकार नेमायची सोय त्या कायद्यात केली. १९५७ मध्ये निकोलस काल्डोर या अर्थतज्ज्ञांच्या शिफारशीवरून संपत्तिकर आला. श्रीमंत माणसं बंगल्याची किंमत कमी दाखवू लागली आणि काळा पैसा विटा-सिमेंटात मुरू लागला. त्यावर वांच्छू समितीनं १९७१ मध्ये अहवाल दिला आणि पुढच्या वर्षी कायदा दुरुस्त झाला. प्राप्तिकर खात्यानं स्वतःचे मूल्यांकन अधिकारी नेमले, आणि बाहेरच्या मूल्यांकनकारांना नोंदणी सक्तीची केली. स्थावर मालमत्तेसाठी अट होती स्थापत्य अभियांत्रिकी, वास्तुशास्त्र किंवा नगररचनेची पदवी आणि त्यावर दीर्घ अनुभव. फीचे दरही नियमात घातले, मालमत्तेच्या किमतीच्या टक्क्यांत. किंमत जास्त तर फी जास्त. ही तरतूद मला कधीच पटली नाही. तराजू धरणाऱ्याची मजुरी वजनावर ठरवू नये.

तेव्हा हा परवाना निघाला तो मलबार हिल आणि पेडर रोडवरच्या घरांसाठी. त्यात वाईट काही नव्हतं. कर चुकवणाऱ्याला पकडायचं होतं आणि त्यासाठी जाणता माणूस हवा होता. पण मूल्यांकनाचा सगळा अभ्यास, सगळे नमुने, सगळे तक्ते त्या घरांच्या मापानं झाले. काँक्रीटच्या घराचं आयुष्य साठ वर्षं, शेवटी भंगाराची दहा टक्के किंमत, म्हणजे वीस वर्षांच्या घराला तीस टक्के घसारा. हे गणित आम्हाला झोपेतही येतं. कुडाच्या भिंतीचं काय? दर दिवाळीला शेणमातीनं लिंपलेली, दर चार-दोन वर्षांनी बांबू बदललेली भिंत तशी म्हातारीच होत नाही. फॉर्ममध्ये वीट, दगड, आरसीसी एवढेच पर्याय असतात.

संपत्तिकर २०१५ च्या अर्थसंकल्पात गेला. इस्टेट ड्यूटी तर १९८५ मध्येच गेली होती. पण ३४एबी ची नोंदणी राहिली, कारण भांडवली नफ्याच्या करासाठी १ एप्रिल २००१ ची किंमत काढून द्यायला कुणीतरी लागतोच. मग दुसरा परवाना आला. कंपनी कायदा २०१३ चं कलम २४७ आणि त्याखालचे २०१७ चे नियम. नोंदणी करणारं प्राधिकरण म्हणजे दिवाळखोरी मंडळ, आयबीबीआय. आता जमीन-इमारत, यंत्रसामग्री आणि वित्तीय मालमत्ता असे तीन वर्ग आहेत. जमीन-इमारतीसाठी पदवीधराला पाच वर्षांचा अनुभव, पदव्युत्तराला तीन. आधी मूल्यांकनकारांच्या नोंदणीकृत संघटनेचा सभासद व्हायचं, तिचा ५० तासांचा अभ्यासक्रम करायचा, मग संगणकावर परीक्षा, उत्तीर्ण व्हायला ६० टक्के. आचारसंहिता आहे, कामाच्या यशावर फी घ्यायला बंदी आहे, चुकला तर नोंदणी जाते. जुन्या परवान्यापेक्षा हा कितीतरी कडक आहे आणि मला तो आवडतो. फक्त तो कंपन्यांच्या आणि दिवाळखोरीच्या कामासाठी आहे. घरकर्जाची तपासणी बँका आपापल्या पॅनेलवरच्या माणसांकडून करून घेतात. रिझर्व्ह बँकेनं २००७ मध्ये सांगितलं की ५० कोटी किंवा त्यावरच्या मालमत्तेला दोन स्वतंत्र अहवाल घ्या. मोठ्या मालमत्तेला दोन डोळे दिले. छोट्या घराला एकच, आणि तोही बँकेनं निवडलेला.

जगातही परवाना असाच अपघातातून आला आहे. इंग्लंडमध्ये सर्वेक्षकांनी १८६८ मध्ये स्वतःची संस्था काढली, तो अपवाद. अमेरिकेत बचत आणि कर्ज संस्था शेकड्यांनी बुडाल्या, फुगवलेल्या किमतींवर कर्जं दिल्याचं बाहेर आलं, तेव्हा १९८९ च्या कायद्यानं प्रत्येक राज्याला मूल्यांकनकारांना परवाने द्यायला लावले. तिथं राहत्या घरांचा परवाना वेगळा आहे. एक ते चार कुटुंबांच्या घरासाठी शिकाऊपणी, तास, परीक्षा सगळं वेगळं ठरलेलं. आपल्याकडं राहत्या घराचा असा वेगळा परवाना नाही.

आता जिवतीकडं या. बाजारभावाची व्याख्या आम्ही परीक्षेत लिहितो, की राजीखुशीनं घेणारा आणि राजीखुशीनं विकणारा यांच्यात ठरेल ती किंमत. पहाडावर ती व्याख्या पावलोपावली अडते. वनहक्क कायद्याचा पट्टा वारसाला जातो, विकता येत नाही. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला घ्यायची तर महसूल संहितेच्या कलम ३६अ खाली परवानगी लागते, आणि हे बंधन हवंच, नाहीतर पहाडावर एकही कोलाम जमिनीवर राहिला नसता. बिगर-आदिवासी वस्तीवाल्याला वनहक्क मागायचा तर १३ डिसेंबर २००५ च्या आधीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा पुरावा द्यावा लागतो. बहात्तरला आलेला माणूस तो कुठून देणार? म्हणून इथली घरं स्टॅम्पपेपरवर ताबा लिहून हात बदलतात. काही गावं तर दोन राज्यांच्या मधोमध. परमडोली, मुकदमगुडा, अंतापूर, महाराजगुडा इथल्या लोकांजवळ महाराष्ट्राचीही कागदपत्रं आहेत आणि तेलंगणाचीही. एवढे कागद असूनही घराचा मालक कोण, हे त्यातल्या एकानंही ठरत नाही.

यावर आमच्या धंद्यातली माणसं म्हणतात, बाजार नाही तिथं किंमत नाही. मला हे मान्य नाही. १९३९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलपुढं विशाखापट्टणमकडच्या राजा व्यरिचेर्ला नारायण गजपतीराजूंचा दावा गेला होता. त्यांच्या जमिनीत पाण्याचा झरा होता, आणि त्या पाण्याला गिऱ्हाईक एकच, बंदराचं प्राधिकरण, ज्याच्यासाठी जमीन संपादन केली जात होती. न्यायालय म्हणालं, घेणारा एकच असला तरी जमिनीच्या त्या गुणाला किंमत आहे. भूसंपादनाच्या वकिलांना हा निकाल पाठ असतो. जिवतीच्या घराला घेणारा एकही नसेल, पण ते पाडलं तर पुन्हा उभं करायला जे लागेल ते तर मोजता येतं. आग लागली, वादळात टिना उडाल्या, रस्त्यात घर गेलं, तर भरपाई याच हिशोबानं मिळायला हवी. तो हिशोब करायला सागाची मयाल, बांबूचा कूड आणि पहाडावर सिमेंटची गोणी चढवायचं भाडं माहीत असलेला माणूस पाहिजे. आज पंचनामा होतो तो तलाठ्याच्या हातून, इतर पंधरा कामांच्या गर्दीत.

२०२० मध्ये केंद्राच्या तज्ज्ञ समितीनं मूल्यांकनकारांसाठी स्वतंत्र विधेयकाचा मसुदा दिला. राष्ट्रीय संस्था, शिक्षण, शिस्त असं सगळं त्यात आहे. तो कायदा व्हावा असं मला मनापासून वाटतं. पण होताना त्यात राहत्या घरांचा वेगळा वर्ग असावा. त्या वर्गाची परीक्षा मराठीतही देता यावी. तालुक्याच्या ठिकाणी एक तरी नोंदणीकृत माणूस बसावा, आणि घरमालकालाही आपल्या बाजूनं त्याला बोलावता यावं, फक्त बँकेला नाही. फी टक्क्यांत नको, कामावर हवी. अभ्यासक्रमाच्या ५० तासांतले दोन तास तरी माती, बांबू आणि लाकडाच्या घरांना द्यावेत.

आणि हे सगळं होण्याआधी महसूल आणि वनखात्यानं पहाडावरच्या जमिनीच्या नोंदींचा प्रश्न मिटवावा. माझ्या फॉर्ममधला जमिनीचा रकाना मी भरू शकत नाही, तो त्यांनीच भरायचा आहे.