हेदवीच्या उत्तरेस आणि दक्षिणेस : गुहागर किनाऱ्यावरील वीजधंदा व जोखमीची वाटणी

रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागर तालुका हा दोन खाड्यांच्या दरम्यान पसरलेला प्रदेश होय. उत्तरेस वाशिष्ठीची दाभोळ खाडी, दक्षिणेस शास्त्री नदीची जयगड खाडी आणि पश्चिमेस समुद्र, अशा त्याच्या सीमा आहेत. या पट्टीच्या दक्षिण भागात हेदवी हे गाव वसले आहे. दशभुज लक्ष्मीगणेशाचे पेशवेकालीन देवालय आणि समुद्रकाठची बामणघळ या दोन गोष्टींमुळे ते महाराष्ट्रात परिचित आहे. कातळातील एका अरुंद चिरेत भरतीचे पाणी कोंडते व मोठा आवाज करीत कारंजाप्रमाणे वर उसळते. हीच ती बामणघळ. हेदवी हे कारखान्याचे गाव नव्हे. तथापि किनाऱ्याने उत्तरेकडे गेल्यास अंजनवेलचा वायूवर चालणारा वीजप्रकल्प लागतो आणि दक्षिणेकडे तवसाळची तर ओलांडल्यास जयगडचा कोळशावर चालणारा. पहिल्याची बोलणी १९९२ साली सुरू झाली, दुसरा २०१० नंतर पुरता उभा राहिला. नव्या क्षेत्रात उतरणारा धंदा संपत्ती कशी निर्माण करतो, आणि साऱ्या जगाला भेडसावणारा एखादा प्रश्न सोडविण्याचे त्याचे आश्वासन कितपत पार पडते, हे तपासावयास याहून सोयीचा भूभाग सापडणे कठीण आहे.

वीजनिर्मिती हा धंदा सह्याद्रीच्या पायथ्यास नवा होता त्या काळापासून प्रारंभ करणे उचित ठरेल. टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक कंपनीची स्थापना १९१० मध्ये झाली व खोपोलीचे वीजगृह १९१५ मध्ये चालू झाले. त्या वेळी मुंबईच्या गिरण्या कोळशावर चालत. हा कोळसा फार दुरून आणावा लागे आणि त्याच्या धुराने शहर काळवंडून जाई. घाटमाथ्यावर पडणारा पाऊस लोणावळ्याच्या परिसरात अडवून कोकणात खाली सोडला तर धूर नसलेली शक्ती मिळेल, ही कल्पना धाडसाची होती. तिला लागणारे भांडवल लंडनमध्ये सहजी न मिळाल्याने ते संस्थानिक व व्यापारी यांच्याकडून याच देशात उभारण्यात आले. धंदा बुडाला असता तर तोटा प्रामुख्याने भागधारकांचा झाला असता, ही बाब येथे ध्यानात ठेवावयास हवी. मात्र त्याच उद्योगाच्या पुढील टप्प्यात, मुळशी येथे, जोखमीचा दुसरा एक वाटा कोणाच्या पदरात पडला हेही इतिहासात नोंदले गेले आहे. धरणाखाली जमिनी जाणाऱ्या मावळ्यांनी १९२१ मध्ये सत्याग्रह आरंभिला. सेनापती बापट त्याच्या अग्रभागी होते. धरण झालेच, आणि १९२७ मध्ये भिरा येथे वीज निर्माण होऊ लागली. स्वातंत्र्योत्तर काळातील कोयना प्रकल्पात ही भूमिका शासनाने स्वीकारली. कोयनेचे पाणी बोगद्यांतून पोफळी येथे उतरते व वाशिष्ठीस मिळते. म्हणजे दाभोळच्या खाडीत आजही कोयनेचे पाणी वाहत असते. खोपोली, भिवपुरी, भिरा, पोफळी ही सर्व ठिकाणे घाटाखालची. वीज कोकणात व्हावी आणि ती प्रामुख्याने अन्यत्र खपावी, ही रीत अंजनवेलपूर्वी ऐंशी वर्षे रुळलेली होती.

१९९१ मध्ये परकीय चलनाची गंगाजळी आटली, केंद्र शासनाने आर्थिक धोरण पालटले आणि वीजनिर्मितीचे क्षेत्र खाजगी व परकीय भांडवलास खुले केले. राज्यांची वीज मंडळे तोट्यात होती, मागणी वाढत होती, आणि नवी वीजगृहे बांधण्यास पैसा नव्हता. अशा वेळी अमेरिकेतील ह्यूस्टन येथील एन्रॉन कंपनीने महाराष्ट्र राज्य वीज मंडळाशी बोलणी आरंभिली. कंपनीचे शिष्टमंडळ येऊन थोडेच दिवस लोटले होते, तोच २० जून १९९२ रोजी सामंजस्य करार झाला. स्पर्धात्मक निविदा मागविण्यात आल्या नाहीत. ‘दाभोळ पॉवर कंपनी’ या नावाने जी संस्था स्थापन झाली तिच्यात एन्रॉनचा वाटा ८० टक्के, आणि जनरल इलेक्ट्रिक व बेक्टेल यांचा प्रत्येकी १० टक्के होता. यांपैकी जनरल इलेक्ट्रिक यंत्रे पुरविणार होती व बेक्टेल बांधकाम करणार होती. भागधारक हेच विक्रेते व कंत्राटदार असल्याने, एक युनिट वीज विकली जाण्यापूर्वीच त्यांच्या लाभाची एक वाट मोकळी झाली होती. (नावाविषयी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. दाभोळ हे आदिलशाहीतील नामांकित बंदर. पोर्तुगीजांनी १५०८ च्या अखेरीस ते उद्ध्वस्त केले. ते खाडीच्या उत्तर तीरावर, दापोली तालुक्यात आहे. प्रकल्प दक्षिण तीरावर, गुहागर तालुक्यातील अंजनवेल व वेलदूरच्या परिसरात उभा राहिला. जुन्या बंदराची कीर्ती नव्या कंपनीस नावापुरती कामी आली.)

प्रकल्पामागील तांत्रिक कल्पना सामान्य नव्हती, हे मान्य केले पाहिजे. नैसर्गिक वायू उणे १६२ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केला की तो द्रवरूप होतो व त्याचे आकारमान सुमारे सहाशेव्या हिश्श्यावर येते. असा वायू इराणच्या आखातातून जहाजाने आणावयाचा, किनाऱ्यावर पुन्हा वायुरूप करावयाचा आणि त्यावर सुमारे २,००० मेगावॉट वीज निर्माण करावयाची, असा हा बेत होता. कोळशाच्या मानाने वायूच्या ज्वलनातून राख व गंधक यांचा उपद्रव फारच थोडा होतो, आणि दर युनिटामागे कर्बवायूही जवळपास निम्माच बाहेर पडतो. पृथ्वीच्या तापमानवाढीचा विचार तेव्हा नुकताच आंतरराष्ट्रीय परिषदांत होऊ लागला होता. त्या दृष्टीने पाहता हा उद्योग काळाच्या पुढे होता.

परंतु उद्योगाचे मूल्य यंत्रावरून ठरत नाही. ते करारावरून ठरते. ८ डिसेंबर १९९३ रोजी झालेल्या वीजखरेदी करारात मंडळाने वीस वर्षे वीज घेण्याचे बंधन पत्करले. प्रकल्प तयार स्थितीत असला की त्याचा स्थिर आकार द्यावयाचा, मग वीज उचलली जावो वा न जावो, असे त्याचे स्वरूप होते. याचा अर्थ एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. स्थिर आकार १०० रुपये असून १०० युनिटे घेतली, तर दर युनिटावर त्याचा भार १ रुपया पडतो. ४० युनिटेच घेतली, तर तोच भार अडीच रुपये होतो. ग्राहकाने काटकसर करावी तर वीज महागावी, असा हा विलक्षण हिशेब होता. इंधनाची किंमत मंडळाच्या माथी. आकारणीचा मोठा भाग डॉलरशी निगडित असल्याने रुपयाची घसरणही मंडळाच्या माथी. मंडळाने पैसे न दिल्यास राज्य शासनाची हमी, राज्याने न दिल्यास केंद्राची प्रतिहमी, आणि तंटा झाल्यास लंडन येथे लवाद. मागणी, इंधन, चलन व वसुली या चारही जोखमी विक्रेत्याकडून निघून खरेदीदाराच्या घरी जाऊन बसल्या. खोपोलीच्या भागधारकांनी जे अंगावर घेतले होते, ते येथे राज्याच्या तिजोरीने घेतले.

हे कोणाच्या लक्षात आले नव्हते असे नाही. जागतिक बँकेने ३० एप्रिल १९९३ च्या पत्रान्वये या प्रकल्पास अर्थसाहाय्य देण्याचे नाकारले. महाराष्ट्राच्या गरजेच्या मानाने अखंड चालणारी एवढी मोठी व महाग वीज आर्थिक दृष्ट्या परवडणार नाही, असे तिचे मत होते. पुण्याच्या ‘प्रयास’ या अभ्यासगटाने कराराचे आकडेवार विश्लेषण प्रसिद्ध केले. त्या काळी राज्यात वीज नियामक आयोग अस्तित्वात नव्हता, तो १९९९ मध्ये आला. त्यामुळे दराची उघड छाननी करील असे पीठच उपलब्ध नव्हते, आणि वाद सभा, वृत्तपत्रे व न्यायालये यांतून लढला गेला. १९९५ मध्ये सत्तेवर आलेल्या शिवसेना-भाजप शासनाने गोपीनाथ मुंडे यांच्या अध्यक्षतेखालील उपसमितीच्या अहवालावरून ३ ऑगस्ट रोजी प्रकल्प रद्द ठरविला. पाच महिन्यांनी, जानेवारी १९९६ मध्ये, तोच प्रकल्प वाढीव क्षमतेसह पुन्हा मान्य झाला. मे १९९६ मध्ये तेरा दिवस टिकलेल्या केंद्र सरकारने जाताजाता प्रतिहमीस मान्यता दिली. तपशील बदलले, दर काहीसा उतरला. जोखमीची मूळ वाटणी मात्र तशीच राहिली.

किनाऱ्यावरील लोकांची चिंता कराराच्या कलमांहून निराळी होती. प्रकल्पातून समुद्रात सुटणाऱ्या गरम पाण्याने मासळी दूर जाईल, खाडीत होड्या नेण्याची वहिवाट मोडेल, आणि उन्हाळ्यात विहिरी आटणाऱ्या या जांभ्याच्या भूमीत गोड्या पाण्याचा आणखी एक मोठा ग्राहक उत्पन्न होईल, अशी ती भीती होती. मृणाल गोरे व मेधा पाटकर यांच्यासारख्या कार्यकर्त्या विरोधात उतरल्या. ३ जून १९९७ रोजी पहाटे वेलदूर येथील कोळी वस्तीत शिरून पोलिसांनी स्त्रियांना मारहाण व अटक केल्याची तक्रार आंतरराष्ट्रीय मानवाधिकार संघटनांनी आपल्या अहवालांत नोंदली. मुळशीचे स्मरण येथे अपरिहार्य होते. फरक असा की मुळशीत प्रश्न बुडणाऱ्या जमिनीचा होता आणि त्याचे मोजमाप एकरांत करता येत होते. मासळी दूर जाण्याचे मोजमाप कोणत्याही नुकसानभरपाईच्या तक्त्यात बसत नव्हते.

पहिला टप्पा, ७४० मेगावॉटचा, मे १९९९ मध्ये चालू झाला. दुसरा, १,४४४ मेगावॉटचा, बांधकामाधीन होता. वायूची गोदी अद्याप तयार नसल्याने पहिला टप्पा नाफ्थ्यावर चालविण्यात आला. म्हणजे ज्या स्वच्छ इंधनासाठी एवढा खटाटोप केला, ते इंधन एन्रॉनच्या काळात या यंत्रांत कधी जळलेच नाही. २००० मध्ये खनिज तेल महागले व नाफ्थाही महागला. करार झाला तेव्हा डॉलरला सुमारे ३१ रुपये पडत, आता सुमारे ४६ पडू लागले. वीज महाग म्हणून मंडळ ती कमी उचली, आणि कमी उचली म्हणून ती अधिकच महाग होई. वर उल्लेखिलेला हिशेब कागदावरून प्रत्यक्षात उतरला. जानेवारी २००१ मध्ये मंडळाने देयके थकविली. माधव गोडबोले यांच्या अध्यक्षतेखालील समितीने एप्रिलमध्ये सादर केलेल्या अहवालात निर्णयप्रक्रियेवर कठोर ताशेरे ओढले. मे महिन्याच्या अखेरीस प्रकल्प बंद पडला, आणि २ डिसेंबर २००१ रोजी खुद्द एन्रॉन कंपनीने अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला. तेथील पतनाची कारणे हिशेबातील लबाडीत होती, दाभोळात नव्हती. पण दोन्ही ठिकाणी एक साम्य आढळते : पुढील वीस वर्षांत मिळावयाचे उत्पन्न आजच हाती आले आहे, अशा समजुतीने व्यवहार चालला होता. सर्व जोखीम ज्याच्यावर टाकली तो खरेदीदारच कोलमडला, तर हमी, प्रतिहमी व लवाद यांनी वीज विकली जात नाही, हे भागधारकांस उशिरा उमगले.

चार वर्षे यंत्रे समुद्राच्या खाऱ्या हवेत उभी होती. जुलै २००५ मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी स्थापन झाली. एनटीपीसी, गेल, राज्याची वीज कंपनी व कर्ज देणाऱ्या वित्तसंस्था तिच्या भागधारक झाल्या. परकीय खाजगी धाडसाची परिणती अशा रीतीने सार्वजनिक मालकीत झाली. १,९६७ मेगावॉट क्षमतेच्या या प्रकल्पास २००९ पासून कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील वायू मिळू लागला. तो काही वर्षांतच ओसरला व यंत्रे पुन्हा थांबली. नोव्हेंबर २०१५ पासून रेल्वेने सुमारे ५०० मेगावॉट वीज घेण्यास आरंभ केला तेव्हा काही काळ स्थैर्य आले. पूर्ण क्षमतेने अखंड चालण्याचे भाग्य मात्र या प्रकल्पास लाभले नाही.

दरम्यान हेदवीच्या दक्षिणेस, शास्त्रीच्या पैलतीरी, जयगड येथे जिंदल समूहाने २००९ मध्ये बंदर व पाठोपाठ प्रत्येकी ३०० मेगावॉटचे चार संच उभारले. येथे इंधन परदेशी कोळसा, कंपनी देशी, आणि दराची छाननी करणारा नियामक आयोग या वेळेपर्यंत कार्यरत झालेला. विजेचा एक भाग महाराष्ट्राच्या वितरण कंपनीस दीर्घ मुदतीने विकला गेला, सर्व वीज एकाच खरेदीदाराच्या गळ्यात बांधली गेली नाही. व्यवहाराच्या दृष्टीने ही रचना अधिक शहाणपणाची होती, असेच म्हणावे लागते. वातावरणाच्या दृष्टीने पाहता चित्र उलटते. कमी कर्ब सोडणारी यंत्रे उत्तरेस वर्षानुवर्षे अर्धवट निजून राहिली, आणि अधिक कर्ब सोडणारी दक्षिणेस चालत राहिली. स्वच्छतेस करारात किंमत नव्हती, स्वस्ताईस होती. बाजाराने त्यानुसार निवड केली.

अंजनवेलच्या प्रकल्पातील सर्वांत उपयुक्त अंग कोणते ठरले, हे पाहिले तर थोडा अचंबा वाटतो. ज्या गोदीस मूळ आराखड्यात केवळ इंधन उतरविण्याचे साधन म्हणून स्थान होते, ती २०१३ मध्ये चालू झाली व २०१८ मध्ये वीजगृहापासून अलग होऊन कोकण एलएनजी या स्वतंत्र कंपनीकडे गेली. तिची क्षमता वर्षास ५० लक्ष टनांची योजिली होती. तेथे उतरणारा वायू नळांनी पनवेलकडे आणि २०१३ पासून थेट बंगळूरपर्यंत जाऊ लागला. घरगुती चुली, वाहने व कारखाने त्यावर चालू लागले. ज्या ग्राहकांचा १९९३ च्या करारात उल्लेखही नव्हता, ते या गुंतवणुकीचे खरे लाभधारक झाले. तरीही एक उणीव राहून गेली होती. लाटा अडविणारा बांध एन्रॉनच्या काळात अपुरा सोडण्यात आला होता. त्यामुळे गोदी सुरू झाल्यानंतरही अनेक वर्षे मे महिन्याच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत वायूची जहाजे तेथे लागू शकत नसत. पावसाळ्यात या किनाऱ्यावरचा समुद्र काय करतो हे वेलदूरच्या कोळ्यांस ठाऊक होते. त्या महिन्यांत होड्या ओढून वर ठेवण्याचा त्यांचा रिवाज जुना आहे, आणि हेदवीस बामणघळीतील पाणी सर्वांत उंच उसळते तेही याच महिन्यांत.