पुण्याच्या फुटबॉलचा पूर्ववृत्तान्त

५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीच्या माळावर पेशव्यांच्या फौजेचा मोड झाला, आणि त्यानंतर शहराच्या पूर्वेस व वायव्येस गोऱ्या पलटणींच्या ज्या छावण्या कायमच्या वसल्या, त्यांच्या बाजारांतून, चर्चांतून आणि कवाइतीच्या मैदानांतून पुण्याच्या शेजारी एक दुसरेच नगर हळूहळू आकारास आले. या नगराला पुणेकर आजही ‘लष्कर’ म्हणतात. आणि पुण्यातील फुटबॉलचा वृत्तान्त ज्याला लिहावयाचा असेल, त्याने प्रारंभ पेठांपासून न करता लष्करापासूनच केला पाहिजे.

या खेळाचे नियम लंडनमध्ये १८६३ साली ठरले, आणि पुढील पंचवीस-तीस वर्षांत ते पलटणींच्या सामानाबरोबर हिंदुस्थानभर पसरले. १८८८ साली सिमल्यास ड्युरंड चषकाची आणि १८९१ साली मुंबईस रोव्हर्स चषकाची स्पर्धा सुरू झाली. रोव्हर्सचे पहिले विजेतेपद वुस्टरशायर रेजिमेंटने मिळविले, यावरूनच त्या काळी मैदानावर अंमल कोणाचा होता हे कळून येते. मुंबईत १९०२ साली हारवुड लीग निघाली, १९११ साली वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली, आणि त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात कलकत्त्यास मोहन बागानच्या बहुतांशी अनवाणी खेळाडूंनी ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला हरवून आयएफए शील्ड जिंकली. बंगालच्या सुशिक्षित तरुणाला फुटबॉलमध्ये राष्ट्राभिमानाचे शस्त्र सापडले, ते हे असे.

पुण्याचे तसे झाले नाही, आणि त्याचे कारण माझ्या मते लक्षात घेण्याजोगे आहे. नदीपात्राच्या दोन्ही तीरांवरील सुशिक्षित पुणेकरांचा अभिमान त्या काळी स्वदेशी खेळांना शास्त्रशुद्ध रूप देण्याच्या कामी खर्च होत होता. १९०६ साली स्थापन झालेल्या डेक्कन जिमखान्याने १९१४ च्या सुमारास खो-खोचे नियम लेखनिविष्ट केले. हुतुतू, मल्लखांब आणि कुस्ती यांच्या आखाड्यांना पेठापेठांतून आश्रय होता. आणि इंग्रजी खेळांपैकी क्रिकेटने वरिष्ठ वर्गाचे मन आधीच जिंकले होते. फुटबॉलच्या वाट्याला त्यामुळे आली ती खडकीच्या दारूगोळा कारखान्याभोवतालची वस्ती, घोरपडीची रेल्वे वसाहत, देहूरोडचे डेपो आणि लष्करातील मिशनरी शाळा. १८६९ साली उभ्या राहिलेल्या त्या कारखान्याच्या आणि बॉम्बे सॅपर्सच्या आश्रयाने जी तेलुगू, तमिळ, ख्रिस्ती, मुसलमान आणि परदेशी कुटुंबे येथे स्थायिक झाली, त्यांच्या मुलांनी हा खेळ पलटणीच्या मैदानाच्या कडेला उभे राहून पाहिला, उचलला आणि आपलासा केला. ज्या शहराला आपल्या इतिहासाचा एवढा अभिमान, त्याच्या दप्तरी या मुलांची नोंद फारच थोडी असावी, याची मला मनापासून खंत वाटते.

या वस्त्यांतील संघांना एका सूत्रात गोवणारी संस्था म्हणजे पुणे जिल्हा फुटबॉल असोसिएशन. तिच्या लीगची रचना श्रेणीबद्ध आहे: तळाशी तिसरी श्रेणी, तिच्यावर दुसरी, मग पहिली आणि शिरोभागी सुपर डिव्हिजन, जिंकणाऱ्याने वर चढावे आणि हरणाऱ्याने खाली उतरावे, हा तिचा शिरस्ता. घोरपडीच्या डोबरवाडी मैदानावर किंवा शिवाजीनगरच्या एसएसपीएमएस शाळेच्या प्रशस्त पटांगणावर खालच्या श्रेणीचा सामना ज्याने पाहिला असेल, त्याला या लीगचा प्राण कोठे आहे हे सांगावे लागत नाही. सकाळी कोणीतरी फक्कीच्या रेषा मारतो, खेळाडूच गोलच्या खांबांना जाळी बांधतात, क्लबाचा चिटणीस ओळखपत्रांची चळत रेफरीपुढे ठेवतो, आणि मुरमाड जमिनीवर घसरून गुडघे सोलवटलेला बचावपटू पाण्याचा एक हबका मारून पुन्हा जागेवर उभा राहतो. त्याला मानधन नाही. उलट वर्गणी आहे. दुसऱ्या दिवशी त्याला कामावर हजर व्हावयाचे असते.

अशा रचनेचे मोल जर्मनांनी फार लवकर ओळखले. १९०० साली लाइपझिग येथे ८६ क्लबांच्या वतीने त्यांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली खरी, परंतु अखिल देशाची एकच अव्वल लीग, म्हणजे बुंडेसलीगा, १९६३ पर्यंत निघाली नाही. तोपर्यंत प्रांतोप्रांतीच्या लीगच श्रेष्ठ मानल्या जात. म्हणूनच तेथे आजही तालुक्यासारख्या लहान टापूतील लीगपासून राष्ट्रीय लीगपर्यंत पायऱ्यांची सलग मालिका आहे, आणि खेड्यातला नोंदणीकृत क्लब, जो त्याच्या सभासदांच्या मालकीचा असतो, तो सामने जिंकून ती चढू शकतो.

पुण्यात जिल्ह्याच्या पायऱ्या शाबूत होत्या, पण त्यांच्या माथ्यावरून देशाच्या लीगकडे जाणारी पायरी बहुधा भांडवलाच्या बळावरच ओलांडावी लागली. २००७ साली पिरामल उद्योगसमूहाने पुणे एफसी स्थापन केला. तो आय-लीग या राष्ट्रीय लीगच्या दुसऱ्या श्रेणीतून चढून २००९-१० च्या आय-लीगमध्ये तिसरा आणि २०१२-१३ मध्ये दुसरा आला, आणि बालेवाडीच्या गॅलऱ्यांत पेठांतली मुलेही प्रथमच मोठ्या संख्येने दिसू लागली. २०१५ साली मात्र त्याचा मुख्य संघ बंद झाला. कल्याणी समूहाचा भारत एफसी एकच हंगाम खेळला. १९८७ साली स्थापन झालेला शिवाजियन्स हा खरा स्थानिक क्लब. त्यालाही बांधकाम उद्योगाची कुमक मिळाल्यावर, २०१५-१६ साली, आय-लीगचे दार थेट प्रवेशाने उघडले, आणि दोन हंगामांनंतर तोही तेथून बाहेर पडला. इंडियन सुपर लीगमधला एफसी पुणे सिटी २०१४ साली थाटामाटाने आला आणि २०१९ साली त्याची जागा हैदराबादच्या संघाने घेतली. बारा वर्षांत चार संघ आले आणि गेले. खेळाडूंच्या गुणवत्तेत काही उणे होते असे मी म्हणणार नाही. मालकाचा ताळेबंद बिघडला वा इरादा फिरला की क्लब संपावा, ही व्यवस्थाच सदोष होती. डोबरवाडीवर येणाऱ्या क्लबांना असा मालकच नाही, आणि म्हणून त्यांना मोडणेही कोणाच्या एकट्याच्या हाती नाही.

आता व्यवस्था पालटू लागली आहे. २०२३ साली पंजाब एफसी हा आय-लीग जिंकून, केवळ गुणवत्तेच्या आधारे, सुपर लीगमध्ये चढला. त्याच वर्षी आय-लीगची तिसरी श्रेणी सुरू झाली, आणि राज्याच्या लीगमधून पुढे सरकणाऱ्या संघाला तिच्यात स्थान मिळण्याची तजवीज झाली. घोरपडी-खडकीच्या एखाद्या क्लबाने या वाटेने चढावयाचे ठरविले, तर त्याला कित्येक हंगाम लागतील, आणि प्रवासखर्चाची तरतूद हीच त्याची पहिली कसोटी ठरेल. तेथे महापालिकेने आणि शहरातील धनिकांनी क्लब विकत न घेता त्याच्या पाठीशी उभे राहावे, एवढीच माझी विनंती आहे.