पाते आणि मूठ

घडीच्या चाकूंचा संग्रह करणाऱ्यांमध्ये एक पंथ असा आहे की, त्यास मूठ जुन्या वळणाची हवी असते, हाडाची, शिंगाची वा शिसवी लाकडाची. पाते मात्र आजच्या प्रयोगशाळेतून निघालेल्या पोलादाचे. जुन्या मताचे संग्राहक यास भेसळ म्हणतात. आम्ही भिवंडीत मराठी शिकवणारी माणसे. हा शौक आमचा नव्हे. परंतु या वादाचा इतिहास शोधू लागलो, तेव्हा वाट आमच्या शेजारच्या मुंबईवरून गेलेली आढळली.

१७९४ साली मुंबईतील डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांजकडे 'वुट्झ' नामक पोलादाविषयी लिहिले आणि त्याचे नमुने धाडले. जॉर्ज पिअर्सन यांनी त्या नमुन्यांवर प्रयोग करून १७९५ साली आपला निबंध सोसायटीपुढे ठेवला. त्याच निबंधात एक लहानसा उल्लेख येतो. बँक्स यांच्या इच्छेवरून स्टोडार्ट नावाच्या कारागिराने या पोलादाचा लेखणी तासण्याचा चाकू घडवला. घडवणे कष्टाचे होते. पण धार उत्तम आली आणि हे पोलाद अनेक कामांस इंग्लंडातल्या पोलादाहून सरस आहे, असे त्याचे मत पडले. आपल्याकडचे कारकून ज्या काळी बोरू तासून मोडी लिहीत होते, त्याच काळी इंग्रजी घाटाच्या चाकूत हिंदुस्थानचे पाते बसले. जुनी मूठ आणि त्या काळच्या इंग्रजांस नवलाचे पोलाद, हा मेळ असा दोनशे वर्षांहून जुना आहे. पुढे १८२० साली याच स्टोडार्टने मायकेल फॅरेडे यांच्यासह पोलादाच्या मिश्रधातूंवरील प्रयोग प्रसिद्ध केले. वुट्झसारखे पोलाद साधणे हा त्यांतला एक हेतू होता.

वुट्झ हे मुशीतले पोलाद. लोखंड आणि कर्ब देणारा लाकूडपाला मातीच्या मुशीत बंद करून ते वितळवीत. त्यात कर्बाचे प्रमाण साधारण दीड टक्का असे. आता आजच्या संग्राहकांचे लाडके 'एस-३०-व्ही' पाहा. ते २००१ साली अमेरिकेत बाजारात आले. वितळलेल्या धातूची भुकटी करून ती उष्णता व दाब यांनी घट्ट करावयाची, अशी त्याची रीत. त्यात कर्ब १.४५ टक्के आणि व्हॅनेडियम ४ टक्के. हे काढणाऱ्या कंपनीचे नाव 'क्रूसिबल', म्हणजे मूसच! १९९८ साली व्हरहोवन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, जुन्या दमास्कस पात्यांवरील नक्षी उमटण्यास व्हॅनेडियमसारख्या द्रव्यांचा नाममात्र अंश कारणीभूत होता. तेव्हा जे धातुकासोबत नकळत येत होते, ते आज मोजून घालतात.

मात्र एक गोष्ट आम्हांस टोचते. पिअर्सन यांच्या निबंधाच्या शीर्षकात हे पोलाद मुंबईत तयार होणारे म्हटले आहे. वस्तुतः त्याच्या भट्ट्या दख्खनच्या आतल्या मुलखात आणि दक्षिणेत होत्या. मुंबई हे केवळ पाठवणीचे ठिकाण. चाकू घडवणाऱ्याचे नाव नोंदले गेले, पोलाद काढणाऱ्याचे नाही.

आपल्याकडे संग्राहक म्हटले की दिनकर गंगाधर केळकर आठवतात. १९२० च्या सुमारास त्यांनी वस्तू जमवण्यास आरंभ केला. दिवंगत मुलाच्या नावाने उभे राहिलेले पुण्याचे संग्रहालय १९७५ साली त्यांनी शासनाच्या स्वाधीन केले. तेथील अडकित्ते पाहताना आपली नजर खिळते ती पितळी घोड्यावर, मोरावर; सुपारी कातरणाऱ्या पात्यावर नव्हे. केळकर 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत. त्या अडकित्त्यांचे बहुतेक कारागीर खरोखरच अज्ञातवासात गेले आहेत.

आमच्यापैकी एकाच्या घरी आजीचा पितळी अडकित्ता आहे. मूळ पाते झिजले, तेव्हा दारावर आलेल्या घिसाड्याने ट्रकच्या कमानपाट्याचा तुकडा तापवून, ठोकून, नवे पाते रिवेटने बसवून दिले. आजी त्यानंतर वीस वर्षे सुपारी कातरीत होती. गेल्या वर्षी एका संग्राहकाने तो हाती घेतला, पाते पाहिले आणि 'अस्सल नाही' म्हणून परत ठेवला. पितळेचे वजन करून मोडीत घाला, असा सल्लाही दिला. भिवंडीत मागांचीही अशीच किंमत होताना आम्ही पाहिली आहे. किलोचा भाव ठरतो; त्यावर काम केलेल्या हातांचा ठरत नाही.

आमच्या मते तो अडकित्ता अस्सलच आहे. चाकू काय, अडकित्ता काय, ही कापण्याची वस्तू. धार गेली की पाते बदलणे हाच तिचा धर्म. परदेशी शौकीन जुन्या मुठीत नवे पोलाद बसवतो तेव्हा तो परंपरा मोडत नाही, ती चालवतो. उलट बोथट पाते 'मूळचे' म्हणून जपण्यात वस्तू राहते, तिचे काम संपते. फरक इतकाच की, नव्या पोलादाचे नाव आणि घटक पात्यासोबत लिहून येतात, आणि आमच्या घिसाड्याचे नाव आजीनेही विचारले नव्हते.

अडकित्ता आम्ही मोडीत घातला नाही. त्याच्या डबीत एक चिठ्ठी ठेवली आहे: पाते घिसाड्याचे, पोलाद कमानपाट्याचे, नाव विचारावयाचे राहिले.