जुनापाणीची शिळावर्तुळे

१२. जुनापाणी : नागपूर–काटोल रस्त्यालगतचे दफनस्थळ. माळावर सुमारे ३०० शिळावर्तुळे आहेत. ती इ.स.पूर्व पहिल्या सहस्रकातल्या, लोखंड वापरणाऱ्या लोकांची. वर्तुळांच्या आतल्या मोकळ्या जागी माती-मुरुमाच्या भरावाखाली मृतांसोबत मडकी आणि लोखंडी हत्यारे ठेवलेली सापडतात. जवळच्या माहुरझरीला तर घोड्याचे तांब्याचे शिरोभूषणही मिळाले! जुनापाणीत ब्रिटिश अधिकारी रिव्हेट-कार्नाक यांनी एकोणिसाव्या शतकात उत्खनन केले. काही शिळांवर वाटीसारखे लहान खळगे ओळीने कोरले आहेत; सकाळच्या तिरप्या उन्हात ते चटकन दिसतात. फोटोसाठी त्यांत खडू भरू नये, ही वाचकांना कळकळीची विनंती. — संपा.