सिंबिडियमला हवी थंड रात्र

लग्नाच्या स्टेजवरची ऑर्किडची फुलं पाहून गटाच्या बैठकीत एकीनं विचारलं, "ताई, कर्ज काढून आपणही पैठणला सिंबिडियम लावायचं का?" उत्तर या फुलाच्या इतिहासातच आहे.

ऑर्किड म्हणजे आपली आमरी. सह्याद्रीत झाडांच्या खोडावर कोरफडीसारख्या जाड पानांचं रानटी सिंबिडियम आढळतं. त्याची फुलं लहान. बाजारातली मोठी फुलं संकरित असतात. त्यांचे पूर्वज हिमालयातले आणि ब्रह्मदेशाच्या डोंगरातले. इंग्लंडच्या व्हीच रोपवाटिकेनं त्यांतल्या दोन जातींचा संकर केला आणि १८८९ साली पहिलं संकरित सिंबिडियम जगासमोर आलं. पुढे १९६० मध्ये फ्रान्सच्या जॉर्ज मोरेल यांनी कोंबाच्या इवल्याशा तुकड्यापासून रोगमुक्त रोपं तयार करून दाखवली. मग केळीच्या टिश्यू कल्चर रोपांसारखी हीही हजारोंनी होऊ लागली.

रोपं वाढली, रंग वाढले. डोंगराचा स्वभाव मात्र गेला नाही. फुलाचा दांडा धरायला या झाडाला पावसाळ्याच्या अखेरीस कित्येक आठवडे १० ते १४ अंशांची रात्र लागते. म्हणून ते सिक्कीम, दार्जिलिंगकडे फुलतं. आपल्याकडे तेव्हा रात्री उबदार असतात आणि मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. पानं येतील, फुलं रुसतील. कर्जाचा हप्ता मात्र दर महिन्याला येईल.

रोपं विकायला कोणी आलं, तर एकच म्हणा: आपल्या तालुक्यात दोन वर्षं फुललेली कुंडी दाखवा. तोवर आपला झेंडू आणि निशिगंधच बरा.